ज्वारी 'निसर्गानं दिली' असं छापू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत हुरड्यावर पानभर लेख होता. फोटो झकास, आगटीचा धूर, शेंगदाण्याची चटणी, दह्याचं गाडगं, बघून तोंडाला पाणी सुटलं हे खरं. पण फोटोखाली एक ओळ होती की ही ज्वारी म्हणजे निसर्गानं दिलेलं शुद्ध देशी वाण, माणसाची ढवळाढवळ नसलेलं. मी ती ओळ आमच्या आत्याबाईंना (सासूबाईंना, आमच्याकडं आत्याबाईच म्हणतात) वाचून दाखवली, त्या नुकत्याच रानातून आल्या होत्या, गोफण खुंटीला अडकवत होत्या, तिथूनच म्हणाल्या, "निसर्गानं दिली म्हनं! मग म्या चाळीस वर्षं रानात काय माशा मारायलते का?"

आम्ही हसलो. पण नंतर डोक्यातून जाईना, कारण मी ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते आणि आत्याबाई जे बोलल्या ते सायन्सच्या हिशेबानं शंभर टक्के बरोबर आहे, आणि तुमच्या पेपरातलं चूक आहे. म्हणून हे पत्र. जरा लांबेल, पण पूर्ण छापा, मधूनच कापू नका.

ज्वारी स्वतःच्या जिवावर जगू शकत नाही. उद्या गावं ओस पडली तर बाभळी राहतील, हराळी राहील, कुंदा तर राहीलच राहील, पण ज्वारी फार काळ टिकायची नाही. कारण रानटी झाडाची स्वतःची जी कामं असतात त्यातली तीन मोठी कामं तिनं सोडून दिलीत आणि आपल्यावर टाकलीत, आपल्यावर म्हणजे खरं बघितलं तर बायांवर.

पहिलं काम म्हणजे दाणा पाडणं. आमच्या मानवतकडं जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी येतं आणि चारीच्या कडेला एक गवत माजतं, पानं हुबेहूब ज्वारीची, तुरा मात्र मोकळा, विस्कटलेला. इंग्रजीत त्याला जॉन्सन गवत म्हणतात, हिंदीवाले बरू म्हणतात, ज्वारीच्या भावकीतलंच आहे. दिवाळीनंतर बारावीची पोरं घेऊन गेले होते तिथं. एका पोरीला म्हणलं तुऱ्याखाली ओंजळ धर आणि नुसता हात लाव. तिनं लावला तर तांबूस-काळे बारीक दाणे टपाटपा गळाले, निम्मे ओंजळीत, निम्मे चारीत. मग घरून नेलेलं बियाण्याचं जुनं कणीस तिच्या हातात दिलं, म्हणलं आता हे झटक. तिनं झटकलं, हातावर आपटलं, एका पोरानं तर घेऊन चपलेवर मारलं (हे मला अजिबात आवडलं नाही, अन्न आहे ते), तरी पडले असतील चार-सहा दाणे. बस, एवढाच फरक. पण ह्या फरकावर भाकरी उभी आहे, कारण पिकल्यावर दाणा खाली मातीत गेला असता तर आपण काय मुंग्यांसारखं वेचत बसलो असतो का.

हे होतं कसं तर रानटी ज्वारीत दाण्याच्या देठाशी पेशींचा एक पातळ थर तयार होतो, दाणा पिकला की तो थर सुटतो, पाडाचा आंबा देठातून सुटतो ना तसा. हा थर तयार करायला लागणारा जीन (जीन म्हणजे पेशीत रासायनिक अक्षरांत लिहिलेली, आईबापाकडून आलेली सूचना) ज्वारीत सापडला २०१२ साली, एसएच1 नाव त्याचं. रानटी ज्वारीत तो धड आहे, आपल्या पेरणीच्या ज्वारीत तो बिघडलेला आहे. बिघडलेला हा शब्द मी मुद्दाम वापरतेय, कारण झाडाच्या बाजूनं बघितलं तर हा बिघाडच, दाणा खाली पडलाच नाही तर पुढची पिढी उगवणार कशी. आणि हा बिघाड एकाच तऱ्हेचा नाही, ज्वारीत तो तीन तऱ्हेचा सापडला, काही वाणांत जीनचा दोन हजारांवर अक्षरांचा तुकडाच गायब आहे तर काहींत एक अक्षर बदललंय आणि तेवढ्यानं पुढचं सगळं वाचन चुकतंय. म्हणजे वेगवेगळ्या गावच्या, एकमेकांचं तोंड न बघितलेल्या माणसांच्या हाताला तीनदा तीच गोष्ट लागली. त्याच अभ्यासात हाच जीन भातात आणि मक्यातही मोडलेला निघाला. भातात त्याआधी २००६ साली एसएच4 म्हणून दुसरा एक जीन सापडला होता, त्यात तर एका अक्षराचा बदल, आणि बार्लीत शेजारीशेजारी असलेले दोन जीन, २०१५ मध्ये कळलं की काही बार्लीत पहिल्यातलं एक अक्षर गळालंय आणि काहींत दुसऱ्यातली अकरा, परिणाम एकच, कणसाचे तुकडे होऊन पडायचे थांबले.

पोरं विचारतात मॅडम हे केलं कुणी. कुणी ठरवून केलं नाही, आणि तरी माणसाशिवाय झालंच नसतं. रानात हजार झाडं आहेत, त्यातल्या एखाद्यातच हा बिघाड. पाखरांना, वाऱ्याला त्या झाडाचा काही उपयोग नाही, ते तिथंच संपलं असतं. पण एक बाई विळा घेऊन आली. तिनं कणसं कापली, टोपल्यात टाकली, ज्यांचे दाणे सैल होते ते वाटेतच सांडले, ज्यांचे घट्ट होते ते घरी पोचले, आणि घरी पोचलेल्यातलंच पुढच्या पावसाला पेरलं. असं वर्षानुवर्षं. बाई मी म्हणतेय कारण आजही आमच्या शिवारात कणसं मोडायला कोण असतं ते तुम्हीच येऊन बघा.

हे पटकन झालेलं नाही बरं का. पूर्व सुदानमध्ये कसला भागात जुनी खापरं सापडली, पाच-साडेपाच हजार वर्षांपूर्वीची. आपल्याकडं भिंतीच्या मातीत भुसा कालवतात तसा त्या लोकांनी भांड्याच्या मातीत कोंडा कालवला होता, कोंडा जळून गेला पण त्याचे ठसे मातीत राहिले, आणि त्या ठशांवरून २०१७ साली शास्त्रज्ञांनी सांगितलं की ही ज्वारी आहे आणि त्यात काही दाणे आपोआप गळालेले आहेत, काही मळून काढावे लागलेले आहेत. दोन्ही एकाच कोंड्यात! म्हणजे बदल चालू असतानाच कुणीतरी भांडं घडवलं. मला तर हे वाचून अंगावर काटा आला, आत्याबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मंजी त्यांचं बी खळं व्हतं की." हो, खळंच.

गावातल्या माणसाला हे समजावायचं तर तिळाचं उदाहरण पुरतं. तीळ पूर्ण वाळायच्या आत कापावा लागतो, पेंढ्या उभ्या करून ठेवाव्या लागतात, नाहीतर बोंडं उघडली की गेला मातीत. सोयाबीनचं पण तेच, काढणीला आठ दिवस उशीर झाला आणि कडक ऊन पडलं की शेंगा तडकायचा आवाज येतो रानात, तो आवाज ऐकून आमचे हे रात्री झोपत नाहीत. ज्वारीचं असं होत नाही. ज्वारी उभी राहते, वाट बघते, मजूर मिळेपर्यंत थांबते बिचारी. ही सोय आपण गृहीत धरली, कुणी कमावली ते विसरलो.

दुसरं काम पाखरांपासून दाणा राखायचं. बऱ्याच रानटी ज्वारीत आणि आफ्रिकेतल्या काही पेरायच्या ज्वारीत दाण्याच्या सालीखाली टॅनिन असतं, हिरड्यात असतं तसं, तुरट, पाखरू एकदा तोंड लावून सोडून देतं. आपली पांढरी, मोत्यासारखी, भाकरी पापुद्र्यासारखी सुटणारी ज्वारी, तिच्यात टॅनिन नाही. त्याचाही एक जीन २०१२ सालीच सापडला, टॅनिन1 नावाचा, आणि टॅनिन नसलेल्या अनेक वाणांत तो जीन बंद पडलेला आहे. चवीसाठी माणसानं बिनतुरट दाणे निवडले, आणि पाखरांनाही तीच चव आवडली. आता तो जीन जे काम करायचा ते आमच्या आत्याबाई करतात. पौषात दाण्यात चीक भरला की सकाळी सहाला माच्यावर, डबा वाजवायचा, गोफण फिरवायची, ओरडून ओरडून घसा बसतो. आफ्रिकेत जिथं पाखरांचे थवे फार आहेत तिथं लोक अजून मुद्दाम तुरट ज्वारी पेरतात, त्याची दारू आणि लापशी करतात. आपण भाकरी निवडली, मग गोफण आलीच.

तिसरं काम वेळ ओळखून उगवायचं. रानटी बी झोपून राहतं, काही ह्या वर्षी उगवतं, काही पुढच्या, एखादा पावसाळा फसला तर वंश बुडू नये म्हणून. शेतकऱ्याला हे चालत नाही, तिफण चालवली की सगळं तास एकदम उगवून आलं पाहिजे, जे झोपून राहिलं ते निवडीत बाद होत गेलं. त्यामुळं बियाणं आज्ञाधारक झालं, पण जरा जास्तच झालं. परतीचा पाऊस लांबला की खरिपाच्या ज्वारीला उभ्या ताटावर कणसातच कोंब फुटतात, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. आम्ही एका वर्षी कणसं घरात पसरून पंखे लावले होते, बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती, तरी निम्मी काळी पडली. पंचनाम्याला आलेले साहेब म्हणाले नैसर्गिक आपत्ती. पाऊस नैसर्गिक होता, कोंब फुटायची घाई ही आपण लावलेली सवय. (साहेबांना हे सांगितलं नाही, आधीच वैतागले होते.)

आता देशी ह्या शब्दाचं. ज्वारी मूळची आफ्रिकेची, बाजरीही तिकडचीच, नाचणीही, साधारण चार हजार वर्षांपूर्वी ह्या पिकांनी भारतात पाय ठेवला असं मानतात. आपल्या घरात चार हजार वर्षं राहिलेल्याला देशी म्हणायला माझी ना नाही, पण मग 'शुद्ध' कशाला. हुरड्याच्या पार्ट्यांत मालदांडी मालदांडी म्हणून जे कौतुक चालतं त्या मालदांडीचं पूर्ण नाव मालदांडी ३५-१, हा नंबर सोलापूर जिल्ह्यात मोहोळच्या सरकारी फार्मवर १९३० च्या दशकात लागला, स्थानिक मालदांडीतून निवडून निवडून. म्हणजे हस्तक्षेप तर आहेच, वर त्याला नंबर पण आहे.

आणि हायब्रीडला शिव्या देणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो मिळायची, आमच्या आईच्या पिढीला अजून तिचं नाव काढलं तरी पोटात ढवळतं. ही मिलो म्हणजे ज्वारीच, आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेली. तिकडं टेक्साससारख्या लांब दिवसांच्या मुलखात तिला फुलायला उशीर व्हायचा, कारण मूळची ज्वारी दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही, तर शेतकऱ्यांनी लवकर फुलणारी आणि बुटकी झाडं हेरून ठेवली, तीही जीनमधल्या बिघाडांचीच लेकरं. पुढं १९५४ मध्ये तिथल्याच शास्त्रज्ञांना कळलं की मिलोचं पेशीद्रव्य (पेशीतला केंद्राबाहेरचा भाग, तो आईकडूनच येतो) आणि काफिर नावाच्या ज्वारीचे जीन एकत्र आले की झाडाचे परागकण वांझ होतात, मग त्या झाडावर दुसऱ्या वाणाचे परागकण घेता येतात, आणि त्यावर हायब्रीडचं सगळं तंत्र उभं राहिलं. भारताचं पहिलं ज्वारीचं हायब्रीड सीएसएच-१, १९६४ चं, त्याच्या आईकडून जे पेशीद्रव्य आलं ते मिलोचं. म्हणजे मिलो ७२ ला बोटीनं आली त्याच्या आठ वर्षं आधीच आपल्या रानात आईच्या बाजूनं येऊन बसली होती. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली असू दे, मला ती भाकरी नको.

मग वाद देशी की हायब्रीड हा नाहीच माझ्या मते, तो शहरातल्या लोकांना बरा पडतो. आमच्या रानातला खरा वाद उंचीचा आहे. ज्वारीची उंची कमी करणारे चार मुख्य जीन, डीडब्ल्यू1 ते डीडब्ल्यू4, अमेरिकेत त्यातले तीन एकत्र आणून कमरेएवढी ज्वारी केली आणि मशीननं कापली. त्यातल्या तिसऱ्याची गंमत अशी की त्या जीनमध्ये ८८२ अक्षरांचा एक तुकडा चुकून दोनदा छापला गेलाय म्हणून झाड बुटकं राहतं, आणि कधी कधी ती डबल छपाई आपोआप दुरुस्त होते, मग बुटक्या शेतात मधेच एखादं ताट सगळ्यांच्या डोक्यावर मान काढून उभं. अशी ज्वारी आपल्याकडं रब्बीत का नको तर कडबा. दोन म्हशी आणि बैलजोडी असलेल्या माणसाला दाण्याइतकाच कडब्याचा पैसा, बुटकी ज्वारी घेऊन तो गंज कशाची लावणार? पण उंच ज्वारी हातानं उपटावी लागते. फाल्गुनातलं ऊन, वाळलेल्या पानांच्या कडा अंगाला लागतात, खाज, तळहाताला फोड, बाया म्हणतात वहिनी कापूस वेचायला बोलवा, ज्वारीला नको. मजुरी परवडत नाही, मजूर मिळत नाही, म्हणून लोक ज्वारी सोडून हरभऱ्याकडं गेले, आमच्याकडं पण बारा एकरात तीन एकर ज्वारी उरलीय, खोटं कशाला बोलू. परभणीच्या कृषी विद्यापीठानं परभणी मोती, परभणी ज्योती दिली, २०१८ च्या सुमारास लोह आणि जस्त जास्त असलेली परभणी शक्ती दिली, चांगलंच काम आहे ते, पण माझ्यासारखीला विचाराल तर कडबा उंच राहून मुळासकट उपटायचा त्रास कमी होईल असं काहीतरी आधी द्या, लोहाचं आम्ही पालक खाऊन बघू.

आत्याबाई अजून बियाणं घरचं ठेवतात. मळणीच्या आधी, सगळं ढिगात जायच्या आत, त्या एकट्या रानात फिरतात. मी दोन वर्षं मागं मागं फिरून बघितलं काय बघतात ते. कडेची झाडं घ्यायची नाहीत, त्यांना मोकळी जागा मिळालेली असते म्हणून ती फसवी मोठी दिसतात. (हे मी पुस्तकात शिकले, त्या कुठं शिकल्या देव जाणे.) मधल्या दाटीत, चार झाडांशी भांडून ज्यानं कणीस भरलं तेच घ्यायचं. ताट लवलेलं नको. बुडाला टारफुला (ज्वारीच्या मुळावर जगणारं तण) उगवलेला नको. कणीस मुठीत दाबून बघायचं, दाणा दाताखाली फोडायचा, आतून पिठूळ नको, काचेसारखा पाहिजे. अशी वीस-पंचवीस कणसं बांधून चुलीवरच्या आढ्याला टांगायची, धुरानं कीड लागत नाही. मागच्या वर्षी एक कणीस वेगळंच निघालं, दाणे भोंडातून (दाण्यावरच्या टरफलातून) बाहेर डोकावणारे, हात फिरवला की टरफल चिकटून न राहता मोकळे होणारे, ते त्यांनी वेगळं बांधलं आणि बांधाच्या कडेला दोन तासं वेगळी पेरली. का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, हुरड्याला बरं पडंल, लेकरांच्या तोंडात कोंडा येनार न्हाई. सुदानमधल्या त्या बाईनं हेच केलं असेल की, दुसरं काय.

माझी विनंती अशी की पुढच्या अंकात दुरुस्ती छापा. 'माणसाची ढवळाढवळ नसलेलं' हे काढा, शुद्ध हा शब्द काढा. आणि आत्याबाईंचा वेगळा निरोप आहे तो त्यांच्याच शब्दात देते, "फोटो छापायचा तर गाडग्याचा कायला, माच्यावरचा छापा म्हनावं." तुमचा फोटोग्राफर पाठवायचा असला तर लवकर पाठवा, सकाळी सहा ते नऊ, त्यानंतर ऊन तापलं की पाखरं झाडावर जाऊन बसतात आणि आत्याबाई पण खाली उतरून चहा प्यायला घरी येतात.

आपली,
एक नियमित वाचक,
ता. मानवत, जि. परभणी